भट्टीपुढं कॅमेरा धरताना

जोतिबाच्या गुलालासाठी वापरायची प्लॅस्टिकची पिशवी कॅमेऱ्याला गुंडाळून मी लोखंड वितळवणाऱ्या भट्टीसमोर गेलो, आणि ती पिशवी वितळून लेन्सला चिकटली.

यात पिशवीचा दोष नाही. तिनं जोतिबाच्या डोंगरावर पंधरा वर्षं इमानेइतबारे नोकरी केली होती. म्हणजे हीच पिशवी नव्हे, तिचं घराणं. चैत्र यात्रेत त्या डोंगरावर गुलाल वरून पडतो, खालून उडतो आणि ओळखीच्या माणसानं मिठी मारली तर त्याच्या सदऱ्यातूनही येतो. तिथं फोटो काढणाऱ्याची युक्ती ठरलेली. जाड पिशवी घ्यायची, तिच्या बुडाला लेन्सच्या तोंडाएवढं भोक पाडायचं, रबरबँडनं आवळायची, आणि घरी येऊन पिशवी उतरवेपर्यंत कॅमेऱ्याचं कुठलंही झाकण उघडायचं नाही. माझी पिशवी बांधायची पद्धत इतकी नामांकित होती की नवे फोटोग्राफर मला पायऱ्यांवर अडवून ‘काका, जरा आमची पण बांधा की’ म्हणायचे. मी बांधून द्यायचो आणि वर दोन शब्द उपदेशाचेही द्यायचो. माणूस एका जातीच्या धुळीत शहाणा झाला की त्याला वाटतं, जगातल्या सगळ्या धुळी आपल्याला ओळखून आहेत.

लग्नं, बारशी आणि यात्रा यांवर माझं आयुष्य निघालं. साठी जवळ आली तशी लग्नातली गर्दी माझ्या गुडघ्यांना सोसेना. तेवढ्यात, ज्यांच्या मुलीच्या लग्नाचा अल्बम मी केला होता, त्या गृहस्थांनी मला बोलावलं. त्यांची कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत फौंड्री आहे. (‘पंचतारांकित’ हे वसाहतीचं नाव. तिथं पहिल्यांदा जाताना मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून गेलो होतो, यावरून माझी कल्पना काय होती ते समजा.) मालक म्हणाले, “आमचा जुना क्युपोला दिवाळीआधी बंद होणार. त्या जागी विजेची भट्टी येतेय. जायच्या आधी त्याचे चांगले फोटो पाहिजेत. एवढी वर्षं त्यानं आम्हाला खायला घातलंय.”

फौंड्री म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. काळ्या ओलसर वाळूत हव्या त्या भागाचा साचा उठवायचा, त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं, आणि गार झालं की वाळू फोडून भाग बाहेर काढायचा. पंपाचे, ट्रॅक्टरचे, गाड्यांचे भाग असे जन्माला येतात. आणि क्युपोला म्हणजे ते लोखंड वितळवणारी जुन्या पद्धतीची भट्टी. दोन मजली उंच लोखंडी नळकांडं समजा. वरून कोक, म्हणजे दगडी कोळशापासून केलेलं जळण, आणि भंगार लोखंड थरावर थर टाकायचं, खालून पंख्यानं वारा घालायचा, आणि बुडाशी लोखंडाचा रस साठला की मातीनं बुजवलेलं भोक लांब सळईनं फोडायचं. मग जे बाहेर येतं त्याला लाल म्हणू नये. लाल रंग लांबून दिसतो. जवळून ते पांढरं असतं, आणि त्याच्याकडे बघताना डोळ्यांना नव्हे, गालांना पहिल्यांदा कळतं.

माझ्या गालांच्या आधी पिशवीला कळलं. भोक फुटलं, रस पन्हळीतून धावला, मी ‘वा!’ म्हणून दोन पावलं पुढं झालो, आणि कॅमेऱ्याभोवतीची पिशवी एकदम लाजल्यासारखी आकसली. मग तिनं लेन्सच्या कडेला घट्ट धरलं. जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. लेन्सची फोकस जुळवायची कडी फिरेना.

पाळीवरची सगळी माणसं हसली. एकजण ओरडला, “पावणं, केक गुंडाळून आणलाय काय?”

हसला नाही तो फक्त भट्टीवरचा मिस्त्री, मल्लाप्पा. कर्नाटकाच्या हद्दीलगतच्या गावचा, माझ्याच वयाचा गडी. त्याला भुवया नव्हत्या. म्हणजे उगवायच्या, पण टिकायच्या नाहीत. डोक्याला टॉवेल, डोळ्यांवर निळ्या काचेचा चष्मा, गळ्यापासून गुडघ्यांपर्यंत चामड्याचा ॲप्रन. तो सळई टेकवून माझ्याजवळ आला आणि एकच विचारलं :

“फोटू आला काय?”

“नाही हो मिस्त्री. लेन्स गेली बहुतेक.”

“लेन्स ऱ्हाऊ दे. फोटू?”

मला जरा राग आला. माझं नुकसान काय आणि याचं चाललंय काय! चहाच्या वेळी त्यानं मला बाहेर कट्ट्यावर बसवलं, आणि मग त्याचं काय चाललंय ते कळलं.

“माझी बायको, गंगव्वा,” तो म्हणाला, “तीस वरसं झाली, तिनं ही भट्टी बगितल्याली न्हाय. लगीन झाल्यावर एकदा गेटपत्तर आलती. शेडच्या वर लाल उजेड दिसला, तितनंच मागं फिरली. म्हनली, ‘बगितलं तर उद्यापास्नं धाडायची न्हाय तुमास्नी. आन न धाडून चालायचं न्हाय. त्यापरास न बगितल्यालं बरं.’ तवापास्नं बगितलं न्हाय आन इचारलंबी न्हाय. नुसतं कापडं धुती आन भोकं शिवती.”

“मग?”

“मग काय? मी सांगतो, आपरन हाय मला, चामड्याचा. ठिणगी आत येत न्हाय. हूं म्हनती. आता भट्टीच बंद व्हनार म्हनल्यावर परवा सवता म्हनली, ‘आता दावा. आता बगतो.’ पन हितं यायला तयार न्हाय. फोटूत बगनार.” त्यानं कपातला चहा हलवला. “मोबाइल आत न्ह्यायला बंदी हाय. आन लांबनं काडल्याल्या फोटूत आग दिसती, मी दिसत न्हाय. मी, भट्टी आन रस, तिगंबी एकात पायजेत. भट्टी मोडली की झालं. परत कुटनं आननार?”

आता सांगा, असं ऐकल्यावर कोण म्हणेल की माझी कडी फिरत नाही? मी म्हणालो, “मिस्त्री, तुमचा फोटो माझ्याकडं लागला.” असले शब्द मी आयुष्यात फार वेळा आणि फार लवकर दिले आहेत.

आमच्या लक्ष्मीपुरीत कॅमेरे दुरुस्त करणारे रियाजभाई बसतात. त्यांनी लेन्सवरचं प्लॅस्टिक नखानं, लाकडी काडीनं आणि शेवटी देवाचं नाव घेऊन काढलं. कडी फिरायला लागली, पण फिरताना दळणाच्या जात्यासारखी कुरकुरायची. ती अजून कुरकुरते. “काका, फुडं साधी सपाट काच लावत जावा की,” रियाजभाई म्हणाले. “काय व्हायचं ते त्या काचंला हुईल.” ती काच, म्हणजे फिल्टर, माझ्या कपाटात तीन वर्षं पडून होती. ‘फिल्टरनं चित्राची धार जाते’ असं मी स्वतःच इतरांना शिकवायचो. ती माझी धार होती.

दुसऱ्या वेळी मी फिल्टर लावून गेलो, पिशवी घरी ठेवून. भट्टीवर त्या दिवशी लोखंड उशिरा येणार होतं, म्हणून मी वेळ घालवायला घासाई खात्यात गेलो. ओतलेल्या भागांच्या कडा तिथं ग्राइंडरनं घासतात. तिथली धूळ गुलालासारखी भोळी नसते. ती लोखंडाची. आणि आजकालच्या लेन्सच्या पोटात फोकस करायला ज्या बारक्या मोटारी असतात त्यांत लोहचुंबक. दोघांची गाठ पडली की संसार सुखाचा, पण फोटोग्राफरचं वाटोळं. अर्ध्या तासात माझ्या कॅमेऱ्याला काळी लव फुटली.

फौंड्रीत एक रीत आहे. पाळी सुटली की माणसं कॉम्प्रेसरच्या हवेची नळी घेतात आणि एकमेकांच्या अंगावरची धूळ उडवतात. केसांत, पाठीवर, खिशात, ‘फुस्स फुस्स’ करत. चुकीची सवय आहे, डोळ्याकानाला इजा होते, तशी पाटीही तिथंच भिंतीवर लावलेली आहे. नळी त्या पाटीच्या खिळ्यालाच टांगतात. तर एका भल्या माणसानं माझ्या कॅमेऱ्याकडं बघितलं आणि घरच्या मायेनं विचारलं, “हवा मारू काय, पावणं?”

मी म्हणालो, “मार.”

एवढंच नाही. मी लेन्स काढून कॅमेऱ्याचं तोंड उघडून धरलं. आतली धूळ पण निघू दे म्हणून.

कारखान्यातल्या हवेच्या नळीतून नुसती हवा येत नाही, तिच्याबरोबर कॉम्प्रेसरचं तेल आणि टाकीत साठलेलं पाणी येतं, हे मला माहीत नव्हतं. आतल्या ज्या पडद्यावर चित्र उमटतं, ज्याला आम्ही साध्या ब्रशनं शिवायलाही भितो, त्यावर तेलाची बारीक फवारणी झाली. त्यानंतर मी मल्लाप्पाचे सोळा फोटो काढले. सगळ्यात तो ढगातून प्रगट झालेल्या देवासारखा दिसत होता. भट्टीच्या जागी नुसता प्रकाश, मिस्त्रीच्या जागी नुसता धूर. कॅलेंडरला चालले असते. गंगव्वाला नवरा कुठला ते बोट लावून सांगावं लागलं असतं.

रियाजभाईंनी कॅमेरा उघडला, वास घेतला आणि माझ्याकडं बघितलं.

“काका, खरं सांगा. ह्यात भजी तळली काय?”

“हवा मारली.”

“धूळ मी काढतो. लोखंड काढतो. प्लॅस्टिक काढलं. आता तेल म्हंजे... तुमच्या घरात आणि कोन फोटू काढतंय काय? त्येला द्या की हे काम.”

कॅमेरा पावसाळाभर त्यांच्याकडं राहिला. पुढं बोलण्याच्या ओघात ते मला बरंच शिकवून गेले, आणि ते मी आता माझ्या नावानं सांगतो, कारण उपदेशाची खोड जात नाही. कारखान्यात लेन्स बदलायची नाही. दोन लेन्स लागणार असतील तर दोन कॅमेरे न्यायचे, नाहीतर एकाच लेन्सवर भागवायचं. कॅमेरा शर्टाच्या टोकानं पुसायचा नाही. आधी रबरी फुग्यानं फुंकायचं, मग मऊ ब्रश, मग कापड. फुंकर तोंडानं नाही, कारण आपण पान-तंबाखू खात नसलो तरी थुंकी सगळ्यांनाच असते. बॅग जमिनीवर ठेवायची नाही, खिळ्याला टांगायची. आणि साखर कारखान्यात, जिथं वाफ असते, मॅनेजरच्या एसी खोलीत कॅमेरा घेऊन गप्पा मारत बसायचं नाही. गार कॅमेरा वाफेत गेला की काचेला घाम सुटतो. हे शेवटचं मात्र मी त्यांच्याकडून नव्हे, एका मॅनेजरच्या खोलीत दोन कप कॉफी पिऊन शिकलो.

खंडेनवमीला मालकांनी मला पूजेचे फोटो काढायला बोलावलं. त्या दिवशी कारखान्यात अवजारांची पूजा असते. सळया, हातोडे, ग्राइंडर, पाने, सगळं धुऊन-पुसून ओळीनं मांडलेलं. मी फोटो काढून झाल्यावर कॅमेरा जरा त्या ओळीच्या टोकाला ठेवला आणि प्रसाद घ्यायला वळलो. परत येतो तर साचे करणाऱ्या खात्यातल्या सुशीलाताई माझ्या कॅमेऱ्याला हळदकुंकू लावून पुढच्या पान्याकडं सरकल्या होत्या. बरोब्बर फिल्टरच्या काचेवर, मध्यभागी.

“ताई, अहो ही काच!”

“मग? कुटं लावू? डोळा तर त्योच की त्येचा,” त्या म्हणाल्या. “अवजार हाय न्हवं तुमचं? लावून घ्यायला पायजे.”

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. इतकी वर्षं लग्नघरात माझ्या कॅमेऱ्याला लोक ‘जरा बाजूला घ्या’ एवढंच म्हणत आले. त्याला अवजारांच्या पंगतीत कुणी बसवलं नव्हतं. थोडं कुंकू फ्लॅश बसवायच्या खाचेत अजून आहे. रियाजभाईंना मी ते काढू देत नाही.

त्या पूजेत एक गोष्ट मी बघितली आणि मला कळली नाही. क्युपोलाचा नारळ मल्लाप्पानं क्युपोलापुढं फोडला नाही. तो शेडच्या बाहेर, पार गेटजवळ जाऊन फोडला आणि नुसती खोबऱ्याची वाटी आत आणली. मला वाटलं, आत गर्दी आहे म्हणून.

क्युपोला पेटवून ओतायच्या एका खेपेला तिथं ‘हीट’ म्हणतात. शेवटची हीट दिवाळीच्या आधल्या आठवड्यात सकाळी ठरली. मल्लाप्पानं आदल्या दिवशी फोन केला. “पावणं, उद्या. शेवटचंच. ह्येच्यानंतर बुडाचं दार पाडायचं आन झालं.”

“मी पूर्ण तयारीनं येतो,” मी म्हणालो. माझ्या तयारीबद्दल त्याच्या मनात काय विचार आला असेल, ते त्यानं फोनवर सांगितलं नाही.

तयारी खरंच मोठी होती. प्लॅस्टिक वितळतं, हे मला पटलं होतं. मग आगीला उतारा काय? पाणी! मी दोन मोठे टर्किश टॉवेल घेतले, बादलीत बुडवून चिंब केले आणि कॅमेऱ्याला गुंडाळले. आत कोरडं सुती कापड, वरून ओला टॉवेल. डोकं चालवलं होतं. टॉवेलातून पाणी ठिबकत होतं आणि मी शेडमधून विजयी वीरासारखा चाललो होतो. माझ्यामागं थेंबांची रांग उठत होती.

रस साठला होता. मोठी बादली, म्हणजे लॅडल, पन्हळीखाली लागली होती. मल्लाप्पानं सळई उचलली, मान वळवली, माझ्याकडं बघितलं, आणि असा ओरडला की पंख्याचा आवाज दबला.

“भाईर! पयलं भाईर व्हा! पानी कुनी आत आनलं?”

मी जागच्या जागी उभा. दोघांनी मला दंडाला धरून शेडच्या दारापर्यंत नेलं. तिथं मला सगळं सांगितलं. वितळलेल्या लोखंडाखाली पाण्याचा थेंब सापडला की त्याची एकदम वाफ होते, आणि ती वाफ वरचं लोखंड उडवते. थेंब किती, याला महत्त्व नाही. रस वरून पडला आणि खाली ओल असली की संपलं. म्हणून नारळ गेटजवळ फोडतात. मी दोनच आठवड्यांपूर्वी ते डोळ्यांनी बघितलं होतं आणि प्रसादाचा तुकडा तोंडात टाकून विसरलो होतो.

एकानं माझ्या थेंबांवर कोरडी वाळू टाकली. मी टॉवेल बाहेर फेकले. आता हातात उघडा कॅमेरा, त्यावर सुती कापडाची चिंधी. भोक किती वेळ बुजवून ठेवणार? रस आत गार व्हायला लागला की काम बिघडतं.

मल्लाप्पा माझ्याकडं आला. चिडलेला होता, पण त्याच्या चेहऱ्यावर राग कमी आणि घाई जास्त. “आता काय गुंडाळनार?”

“काही नाही. असाच काढतो. लांबून.”

“लांबनं मी दिसनार न्हाय.”

“मिस्त्री, जवळून कॅमेरा...”

त्यानं पाठीमागं हात नेला, गाठ सोडली आणि अंगावरचा ॲप्रन काढून माझ्या हातात दिला. “ह्यो गुंडाळा. चामडं हाय. कोरडं हाय.”

आणि मी घेतला.

हे वाक्य मी वर्षभर डोक्यात फिरवतोय. मी ‘नको’ म्हणालो नाही. ‘तुमचं काय?’ असं विचारलं नाही. मला त्या क्षणी चामडं दिसलं, माणूस दिसला नाही. माझं सगळं लक्ष कॅमेऱ्यावर होतं. सुशीलाताईंनी तारेचा तुकडा दिला, आम्ही ॲप्रन कॅमेऱ्याभोवती दुहेरी गुंडाळून बांधला. पुढं फक्त काचेचं तोंड, मागं माझ्या डोळ्यापुरती फट. मी खांबाच्या आडोशाला, पन्हळीपासून दहा पावलांवर उभा राहिलो.

मल्लाप्पानं सळई मारली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा माती फुटली आणि पांढरा रस उसळून बाहेर आला. ठिणग्यांचं झाड उभं राहिलं. तो मागं सरला, आणि मागं सरताना त्यानं माझ्याकडं, म्हणजे गंगव्वाकडं, बघितलं. हसला. निळ्या चष्म्यात दोन पांढऱ्या रेघा. मी बोट दाबलं आणि दाबूनच ठेवलं. चामड्यावर ठिणग्या तडतडल्या, फिल्टरच्या काचेवर तीन बारीक खळगे पडले. आत काहीही गेलं नाही.

लॅडल भरून गेली, पुढची लागली. शेवटी लोखंड संपलं, सगळे लांब झाले आणि क्युपोलाच्या बुडाचं दार पाडलं. पोटातला पेटता कोक धाडकन खाली आला. मल्लाप्पा तिथं टॉवेलनं तोंड पुसत उभा राहिला. मग म्हणाला, “आला काय फोटू?”

मी कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्यावर दाखवला. त्यानं नाक लावून बघितला. “हां,” म्हणाला. “आता कसं. तिगंबी हाईत.”

दिवाळीच्या दोन दिवस आधी मी तो फोटो मोठा करून, काचेत बसवून त्यांच्या गावी घेऊन गेलो. घरात तेलाचा वास, करंज्यांची परात. मल्लाप्पा आता विजेच्या भट्टीवर नव्या लोकांना शिकवणार होता. तिथं त्याला चांदीसारखा चकाकणारा अंगरखा मिळणार होता, तोंडापुढं जाळीची काच. मी बघितलं तर आठवड्याभरातच भुवया उगवायला लागल्या होत्या. तो एकदम कुणाचा तरी धाकटा भाऊ वाटत होता.

गंगव्वानं हात पदराला पुसले, फोटो घेतला आणि दारातल्या उजेडात जाऊन बसली. बराच वेळ बघत राहिली.

“ह्ये काय?”

“लोखंड. पातळ झाल्यालं.” मल्लाप्पा.

“एवढं पांढरं?”

“व्हय.”

तिनं नवऱ्याच्या तोंडावर बोट ठेवलं. “हसालायसा की.”

“मग काय, रडू?”

तिचे डोळे भरले होते, पण बाई हसत होती. उठली, देवाऱ्याशेजारच्या फळीवरचा डबा बाजूला सारला आणि फोटो तिथं उभा केला. मागं येऊन परत बघितलं. मला शांतता सोसत नाही, हा माझा जुना रोग. मी बोलायला लागलो. हा फोटो किती अवघड, कॅमेरा किती नाजूक, प्लॅस्टिकचं काय झालं, तेलाचं काय झालं, आणि शेवटी मी कशी शक्कल काढली. “अहो वहिनी, चामडं! दुहेरी! एक ठिणगी आत गेली नाही बघा कॅमेऱ्याच्या.”

“कसलं चामडं?” गंगव्वानं विचारलं.

मल्लाप्पा खोकला. मला ती खूण कळायला हवी होती. मी म्हणालो, “मिस्त्रींनीच दिलं की. ऐन वेळी.”

ती फोटोजवळ गेली. कपाळ काचेला टेकेल इतकी जवळ.

“ह्यात आपरन कुटं हाय तुमचा?”

“कडईतलं तेल तापलंय बग,” मल्लाप्पा म्हणाला.

“तापू दे. त्या दिवशी सदऱ्याला सात भोकं हुती. खिळ्याला अडकला म्हनला तुमी. सात खिळं?”

मल्लाप्पा स्वतःच झारा शोधायला लागला. मी करंजी उचलली, पण तोंडात घालायचं धाडस होईना. ती माझ्याकडं वळली, मला पायापासून डोक्यापर्यंत नीट बघितलं, आणि परात माझ्यापुढं सरकवत म्हणाली :

“खावा, अण्णा. तीस वरसं मी त्या आगीला भ्यालो. ती बिचारी काय करत न्हवती. भ्यायला पायजे हुतं ते फोटूवाल्याला.”